पुढच्यांसाठी काढलेलं कर्ज

विज्ञान संग्रहालयासाठी सार्वजनिक कर्ज काढायचं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ऋण काढून सण कशाला? रस्ते उखडलेत, जलवाहिन्या जुन्या झाल्यात, दवाखान्यात खाटा पुरत नाहीत, आणि तुम्ही डायनासोरच्या सांगाड्यासाठी वीस-पंचवीस वर्षांचं देणं गावाच्या डोक्यावर ठेवणार? असा आक्षेप घेणारी माणसं विज्ञानाची शत्रू नसतात. बहुतेक वेळा ती वेळेवर कर भरणारी, हिशेबी माणसं असतात. त्यांच्यापुढे "विज्ञान फार महत्त्वाचं आहे हो" एवढं म्हणून भागत नाही. ते तर त्यांनाही मान्य असतं. त्यांचा प्रश्न पैशाचा आहे, त्यामुळे उत्तरही पैशाच्याच भाषेत द्यायला हवं.

अमेरिकेत हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर येतो. शहर किंवा काउंटी (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) म्हणते, अमुक कामासाठी आम्हाला इतक्या डॉलरचे कर्जरोखे काढायचे आहेत, फेड मालमत्ता करातून होईल, तुमची परवानगी आहे का? होय किंवा नाही. कॅलिफोर्नियात तर अशा स्थानिक कर्जाला साधं बहुमतही पुरत नाही, दोन-तृतीयांश मतं लागतात. मला ही पद्धत फार आवडते. एरवी संग्रहालयं सरकारच्या मर्जीतून नाहीतर धनिकांच्या औदार्यातून उभी राहतात. इथे शाळेतले शिक्षक, बसचालक, दुकानदार, निवृत्त कारकून, सगळ्यांना विचारलं जातं की बाबांनो, आपल्या पोरांना लंबक आणि तरफा हाताळायला मिळाव्यात म्हणून तुम्ही पुढची वीस वर्षं थोडं जास्त द्याल का?

हे "थोडं जास्त" म्हणजे नेमकं किती, ते एकदा मांडून बघावं. समजा शंभर रुपयांचं कर्ज आहे, मुदत वीस वर्षं, व्याज चार टक्के आणि दरवर्षी सारखा हप्ता. हप्ता येतो सुमारे सात रुपये छत्तीस पैसे. पहिल्या वर्षी त्यातले चार रुपये व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम तीन रुपये छत्तीस पैसे. शेवटापर्यंत सगळे मिळून एकशे सत्तेचाळीस रुपये भरले जातात. विरोधक हा सत्तेचाळीसचा आकडा पुढे करतात, आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही. पण त्याच मांडणीत दुसरी गोष्टही दिसते. हे एकशे सत्तेचाळीस रुपये एकाच पिढीच्या खिशातून जात नाहीत. आज सहा वर्षांची असलेली मुलगी सव्विसाव्या वर्षी, नोकरीला लागल्यावर, शेवटचे काही हप्ते स्वतःच्या करातून भरणार असते. जिने लहानपणी ते संग्रहालय वापरलं, तिनेच त्याचा थोडा भार उचलला. सगळी रक्कम आधी साठवून मग बांधायचं ठरवलं असतं, तर पैसे आजच्या माणसांनी भरले असते आणि दारं उघडेपर्यंत ती मुलगी मोठी होऊन गेली असती. माणूस घरासाठी कर्ज काढतो तेही याच हिशेबाने, की राहायचं आत्तापासून आणि फेडायचं राहता राहता.

एक पथ्य मात्र कडक पाळावं लागतं. ज्या वस्तूसाठी कर्ज काढलं ती वस्तू कर्जापेक्षा जास्त टिकली पाहिजे. चाळीस-पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या इमारतीसाठी वीस वर्षांचं कर्ज शहाणपणाचं. पाच वर्षांत जुन्या होणाऱ्या टचस्क्रीनसाठी तेच कर्ज काढणं म्हणजे भंगारात गेलेल्या वस्तूचे हप्ते पंधरा वर्षं भरत बसणं. कर्जरोख्यांचा प्रस्ताव वाचताना मी आधी हेच बघते, की यात भिंती, छत, वायरिंग, वातानुकूलन किती आणि चकचकीत पडदे किती.

शिकागोची गोष्ट मला या बाबतीत नेहमी आठवते, कारण तिथे इमारत आधी होती आणि संग्रहालय नंतर सुचलं. १८९३च्या जागतिक प्रदर्शनासाठी तिथे पांढऱ्याशुभ्र इमारतींची एक नगरीच उभारली होती. बहुतेक इमारती म्हणजे सांगाड्यावर चढवलेलं प्लॅस्टर, प्रदर्शन संपेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. ललित कलांचं दालन मात्र आतून विटांचं बांधावं लागलं. जगभरातून मागवलेली मौल्यवान चित्रं आगीची भीती असलेल्या इमारतीत ठेवायला कोण तयार होणार? त्या विटांमुळे ही एक इमारत तगली. पुढे तिच्यात फील्ड हे निसर्गविज्ञानाचं संग्रहालय होतं, ते १९२० मध्ये दुसरीकडे हललं, आणि मग ही प्रचंड वास्तू रिकामी पडून राहिली. बाहेरचं प्लॅस्टर ढासळायला लागलं. पाडायची की ठेवायची यावर खल सुरू झाला. अखेर १९२०च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या उद्यान मंडळाने मतदारांपुढे पन्नास लाख डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव ठेवला आणि लोकांनी तो मंजूर केला. तेव्हा आत काय करायचं तेही पक्कं नव्हतं. शिल्पांचं संग्रहालय करू, तंत्रशिक्षणाची शाळा काढू, अशा कल्पना होत्या. लोकांनी इमारत वाचवायला होकार दिला, एवढंच.

त्या रिकाम्या जागेत विज्ञान संग्रहालय आणलं ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी. सीअर्स, रोबक या मोठ्या व्यापारी कंपनीचे ते प्रमुख. १९११ मध्ये ते कुटुंबासह म्युनिकला गेले होते. तिथे ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ मध्ये स्थापन केलेलं डॉइचेस म्युझियम होतं. स्वतःच्या वास्तूत जायला त्याला अजून चौदा वर्षं होती. पण बटण दाबलं की यंत्र चालतं, तरफ ओढली की चाक फिरतं, ही रीत तिथे आधीपासूनच होती. रोझेनवाल्ड यांचा आठ वर्षांचा मुलगा विल्यम तिथून हलायलाच तयार होईना. बापाने ते बघितलं आणि मनात धरलं. पुढे शिकागोची ती इमारत सरकारी कर्जातून उभी राहणार म्हटल्यावर त्यांनी तीस लाख डॉलर देऊ केले. प्रत्यक्षात दिले त्याहून बरेच जास्त.

रोझेनवाल्ड यांची देण्याची पद्धत मला समजून घेण्यासारखी वाटते. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी पाच हजारांच्या आसपास शाळा उभ्या राहायला त्यांनी हातभार लावला. तिथे त्यांचा आग्रह असा, की सगळं मी देणार नाही. वस्तीने काही उभं करावं, सरकारने काही द्यावं, मग माझा वाटा. शिकागोतही तेच घडलं. भिंतींचे पैसे जनतेचे आणि आतल्या यंत्रांचे त्यांचे. संग्रहालयाला आपलं नाव नको, असंही त्यांनी ठामपणे सांगितलं. १९३२च्या जानेवारीत ते गेले. १९३३ मध्ये दारं उघडली ती त्यांनी पाहिली नाहीत. गेल्या काही वर्षांत तिथेही एका मोठ्या देणगीनंतर देणगीदाराचं नाव लागलं आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही, कारण पैसा खरा आहे आणि त्याचा उपयोगही खरा आहे. पण ज्या मतदारांनी आत काय होणार हे माहीत नसताना पन्नास लाखांच्या कर्जाला हो म्हटलं, त्यांचीही एक पाटी प्रवेशद्वाराशी असावी असं मला मनापासून वाटतं. त्यावर तारीख, रक्कम आणि पडलेल्या मतांचा आकडा एवढंच लिहिलं तरी पुरे.

सिनसिनाटीचं प्रकरण याच्याही पुढे जातं. तिथे लोकांना दोनदा कौल द्यावा लागला.

युनियन टर्मिनल हे तिथलं रेल्वे स्थानक १९३३ मध्ये खुलं झालं. समोरून पाहिलं तर एक अजस्र अर्धवर्तुळाकार कमान, आत अर्धा घुमट, भिंतींवर विनोल्ड राइस यांची रंगीत मोझेक चित्रं. काही दशकांत रेल्वेचा जमाना ओसरला, १९७२ मध्ये गाड्या यायच्याच बंद झाल्या. मग तिथे खरेदी केंद्र काढून पाहिलं, तेही चाललं नाही. १९८६ मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी तीन कोटी तीस लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली, आणि १९९० मध्ये त्या स्थानकात निसर्गविज्ञान आणि इतिहासाची संग्रहालयं सुरू झाली. पुढच्याच वर्षी गाडीही परत आली.

तिथल्या घुमटाखाली एक गंमत आहे. दर्शनी कमानीच्या दोन टोकांना पिण्याच्या पाण्याचे दोन नळ आहेत. एकाने इकडच्या नळाशी भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचं, दुसऱ्याने तिकडच्या नळाशी कान लावायचा. मध्ये भला मोठा दालनभर गोंगाट असतो, शाळांच्या सहली, ढकलगाड्या, तिकिटांची रांग. तरीही ती कुजबुज कानाशी बोलल्यासारखी स्पष्ट येते. मी तिथे उभी होते तेव्हा पलीकडून एक अनोळखी मुलगा "ऐकू येतंय का?" असं इंग्रजीत विचारत होता, आणि मी "हो" म्हटल्यावर तो दचकून मागे सरला. मग पुन्हा येऊन भिंतीवर हात फिरवू लागला. आत कुठे तार आहे का ते चाचपत होता. तार नसतेच. आवाजाच्या लहरी कमानीच्या वळणाला धरून सरकत जातात, इकडे तिकडे विखरत नाहीत, म्हणून इतक्या दूर पोहोचूनही त्यांचा जोर टिकतो. वास्तुरचनाकारांनी विज्ञान शिकवायला हे केलं नव्हतं, वळण तसं पडलं. पण त्या मुलाने चाचपून पाहिलं आणि त्याला काही सापडलं नाही, हा जो क्षण असतो ना, त्यासाठीच विज्ञान संग्रहालयं असतात. पुस्तकात हे वाचलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि पान उलटलं असतं.

आता हीच इमारत २०१४ मध्ये धोक्यात आलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेली. कारण अगदी साधं होतं, पाणी. वर्षानुवर्षं भिंतींत पाणी मुरत राहिलं आणि आतलं पोलाद गंजत गेलं. गंजलेलं पोलाद फुगतं आणि आजूबाजूचं बांधकाम ढकलायला लागतं. बाहेरून चित्रं शाबूत, घुमट शाबूत, मुलांचा गलका तसाच, आणि भिंतीच्या पोटात हे चाललेलं. मग पुन्हा लोकांकडे जावं लागलं. सुरुवातीच्या प्रस्तावात शहरातलं म्युझिक हॉलही होतं. काउंटीच्या आयुक्तांनी ते वगळलं आणि फक्त टर्मिनलचा प्रश्न मतपत्रिकेवर ठेवला. पाच वर्षांसाठी पाव टक्का जादा विक्रीकर, आणि त्यातून दुरुस्ती. लोकांनी तोही मंजूर केला. विज्ञान संग्रहालय दोन वर्षांहून जास्त काळ बंद ठेवावं लागलं, २०१८च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडलं. खर्च वीस कोटी डॉलरच्या वर गेला.

तीन कोटी तीस लाखांत जे उभं राहिलं, ते टिकवायला तीन दशकांनी वीस कोटींहून जास्त लागावेत. महागाई धरली तरी हा आकडा टोचतो. लोकांच्या होकाराचं मला अपार कौतुक आहे, पण त्यांच्यावर दुसऱ्यांदा ही वेळ येते तेव्हा मला पहिल्या प्रस्तावाकडे पुन्हा पाहावंसं वाटतं. कर्जरोख्यांतून आलेला पैसा भांडवली कामासाठी असतो. इमारत बांधा, दालन वाढवा, छत बदला. पगार, वीज, तेलपाणी, झिजलेली बेअरिंगं, फुटलेली काच, हे सगळं रोजच्या खर्चात मोडतं आणि ते कर्जातून भागवायचं नसतं. नियम योग्यच आहे. रोजच्या खर्चासाठी कर्ज काढणारी संस्था बुडतेच. पण मग नव्या दालनाबरोबर जो रोजचा खर्च वाढतो तो कुठून येणार, हा प्रश्न मतपत्रिकेवर कुठेच नसतो. फीत कापली जाते, छायाचित्रं निघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून वीजबिल दुप्पट होतं.

आणि विज्ञान संग्रहालयात झीज इतर संग्रहालयांहून कितीतरी जास्त असते. चित्राला कोणी हात लावत नाही. इथे हात लावायलाच बोलावलेलं असतं. एका संग्रहालयात हाताने फिरवायच्या जनित्रापाशी मी बराच वेळ थांबले होते. मूठ फिरवली की दिवा लागायचा, जोरात फिरवली की जास्त उजळ. मुठीवरचा रंग पार उडून आतला धातू लख्ख झाला होता, इतके हात त्यावरून गेले होते. शेजारी दुसरं उपकरण होतं, प्रकाशाच्या रंगांचं, त्यावर "दुरुस्तीसाठी बंद" असा पुठ्ठा लटकवलेला. पुठ्ठ्याचे कोपरे दुमडलेले, शाई फिकी पडलेली, म्हणजे तो पुठ्ठाच तिथे महिनोन्‌महिने होता. एक मुलगी आली, पुठ्ठा वाचला, तरीही बटण दाबलं. एकदा, दोनदा. काही झालं नाही. तिने आईकडे पाहिलं, आईने "बंद आहे गं, चल" म्हटलं. मला त्या मुलीचा चेहरा आजही आठवतो आणि वाईट वाटतं. बटण दाबल्यावर काहीच झालं नाही हा तिथला तिचा धडा, आणि तो चुकीचा धडा आहे. जग तसं नसतं. बटण दाबलं की काहीतरी होतंच, आणि का होतं ते शोधता येतं, हे सांगण्यासाठी तर ती इमारत उभी आहे.

भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९६९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय सुरू केलं तेव्हा कार्यशाळा मागच्या खोलीत दडवली नाही, लोकांच्या डोळ्यांसमोर मांडली. आत पाऊल टाकल्याबरोबर लेथ, ड्रिल, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि काम करणारी माणसं दिसायची. मोडलेलं उपकरण तिथेच खोललं जायचं, नवीन तिथेच जुळवलं जायचं, अर्धवट असतानाच लोकांपुढे ठेवून ते कसं वापरतात ते बघितलं जायचं. दुरुस्ती हाही बघण्याचाच भाग. कुठल्याही नव्या संग्रहालयाचा आराखडा हातात आला तर मी आधी कार्यशाळेची खोली शोधेन. भव्य प्रवेशदालन, उपाहारगृह, भेटवस्तूंचं दुकान, सभागृह, सगळं असतं आणि तंत्रज्ञांना तळघरात एक कोपरा. तिथे चार टेबलं आणि एक सोल्डरिंगची बंदूक असेल, तर ते विज्ञान संग्रहालय फार तर पाच वर्षं जिवंत राहील.

मायामीच्या नव्या विज्ञान संग्रहालयाचं उदाहरण इथे द्यायलाच हवं, कारण आक्षेप घेणारे ते देतात. २००४च्या नोव्हेंबरात मायामी-डेड काउंटीच्या मतदारांनी दोनशे नव्वद कोटी डॉलरची कर्जयोजना मंजूर केली. त्यातले साडेसोळा कोटी विज्ञान संग्रहालयाच्या वाट्याला आले. उरलेला पैसा देणग्यांतून यायचा होता, तो ठरल्याप्रमाणे जमला नाही. २०१६ मध्ये काम अर्धवट असताना काउंटीला आणखी साडेचार कोटी द्यावे लागले. २०१७च्या मे महिन्यात संग्रहालय उघडलं. तिथे सुमारे पाच लाख गॅलन पाण्याची एक तिरपी टाकी आहे. तिच्या तळाला ३१ फूट व्यासाची पारदर्शक खिडकी बसवली आहे, खाली उभं राहून वर पाहिलं की डोक्यावरून शार्क जातात. वास्तू सुंदर आहे आणि मुलांनी भरलेली असते. पण घडलं ते घडलं. लोकांनी एका रकमेला हो म्हटलं होतं, दुसरी रक्कम त्यांना न विचारता वाढली. यातून मी "कर्ज काढूच नका" असा अर्थ काढत नाही. देणग्यांची लेखी हमी हातात आल्याशिवाय सार्वजनिक पैसा खर्चायला सुरुवात करू नये, इतकाच अर्थ काढते. अर्धी बांधलेली इमारत समोर उभी असताना नाही म्हणायची सोय कोणालाच उरत नाही. आणि रोखे घेणाऱ्यांचं व्याज त्या काळातही चालूच असतं.

या सगळ्यावर एक वाट सेंट लुइसने फार पूर्वी काढली. १९७१ मध्ये शहर आणि काउंटी दोघांच्या मतदारांनी मिळून प्राणिसंग्रहालय, कलासंग्रहालय आणि विज्ञान संग्रहालय यांच्यासाठी मालमत्ता करातला एक छोटा कायमचा हिस्सा राखून ठेवला. तिथल्या विज्ञान केंद्रात आजही सर्वसाधारण प्रवेश विनामूल्य आहे. डेन्व्हर परिसराने १९८८ मध्ये दुसरा मार्ग घेतला, शंभर रुपयांच्या खरेदीवर दहा पैसे या दराने विक्रीकर, तोही ठरावीक मुदतीने लोकांना पुन्हा विचारून चालू ठेवायचा. रक्कम प्रत्येक घरामागे अगदी किरकोळ, पण दरवर्षी न चुकता येणारी. या पैशात तंत्रज्ञाचा पगार बसतो. बेअरिंगही याच पैशातून बदलतं.

म्हणून कर्जरोख्यांचा प्रस्ताव आला की माझं मत होय असेल, पण सार्वजनिक सुनावणीत मी उठून तीन गोष्टी विचारेन आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही. नवं दालन उघडल्यावर दरवर्षी वाढणारा खर्च किती, आणि तो कोण देणार? इमारतीच्या छतासाठी आणि भिंतींसाठी दरवर्षी किती पैसे बाजूला पडणार, म्हणजे तीस वर्षांनी पुन्हा लोकांच्या दारात जावं लागणार नाही? आणि तंत्रज्ञ किती नेमणार? शेवटच्या प्रश्नावर व्यासपीठावरची मंडळी बहुधा कागद चाळायला लागतील. चाळू देत. त्यांना तो आकडा त्याच सभेत सापडला नाही, तर पुढच्या सभेत घेऊन यायला सांगावं आणि कर्जाबरोबर देखभालीचा छोटा कायमचा करही त्याच मतपत्रिकेवर घ्यावा. मी दोन्हीपुढे होय अशी खूण करेन.